हंसाबेनांची आठवण केवळ ध्वजापुरती नको

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

३ जुलै हा हंसाबेन मेहता यांचा जन्मदिवस. दरवर्षी या सुमारास बडोद्यातील वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी चार ओळी येतात, एखाद्या शाळेत किंवा मंडळात त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो आणि भाषणे होतात. यंदा अशाच एका कार्यक्रमाला मी गेले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या भगिनींनी हंसाबेनांची ओळख ‘गुजरातच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांच्या सुविद्य पत्नी आणि स्वातंत्र्याच्या मध्यरात्री राष्ट्रध्वज अर्पण करणाऱ्या महिला’ अशी करून दिली आणि पुढच्या वक्त्यांनी तेच दोन मुद्दे थोड्याफार फरकाने पुन्हा सांगितले. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण ज्या बाईंनी याच शहरात नऊ वर्षे कुलगुरूपदाची जबाबदारी वाहून एक विश्वविद्यालय उभे केले, त्यांच्या त्या कामाचा बडोद्यातल्याच सभेत उल्लेखही होऊ नये, याचे मला फार वाईट वाटले. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री घटना समितीत जे घडले ते लहान होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. स्वतंत्र भारताच्या त्या सभागृहावर फडकणारा पहिला ध्वज भारतीय स्त्रियांच्या वतीने देशाला अर्पण करण्याचा मान हंसाबेनांना मिळाला. तो काही वशिल्याने मिळालेला नव्हता. त्याआधी त्यांनी तुरुंगवास सोसला होता, अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद सांभाळले होते आणि घटना समितीतील पंधरा स्त्री-सदस्यांपैकी त्या एक होत्या. तरीही तो प्रसंग काही मिनिटांचा होता. बायकांचे सार्वजनिक आयुष्य सांगताना आपण अनेकदा असा एखादा शोभेचा प्रसंग उचलतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे वर्षानुवर्षे झालेले काम, म्हणजे बैठका, अंदाजपत्रके, नेमणुका, अभ्यासक्रम, पत्रव्यवहार, हे सगळे गाळून टाकतो. पुरुष कुलगुरूंविषयी लिहिताना मात्र त्यांनी कोणत्या शाखा काढल्या, कोणते प्राध्यापक आणले, हेच आधी लिहिले जाते.

हंसाबेनांचा जन्म १८९७ साली सुरतेस झाला असला तरी त्यांचे शिक्षण बडोद्यात झाले. वडील मनुभाई मेहता पुढे गायकवाड सरकारचे दिवाण झाले. आजोबा नंदशंकर मेहता हे गुजरातीतील पहिल्या कादंबरीचे लेखक. घरात विद्या होती आणि दाराबाहेर सयाजीराव महाराजांचे बडोदे होते. १९०४ साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा करणारे, १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे आणि १९१० पासून गावोगाव ग्रंथालये पोहोचवणारे हे संस्थान होते. त्यात वाढणाऱ्या मुलीला शिक्षण ही गोष्ट मागून घ्यावी लागली नाही. घुमटाच्या त्या बडोदे कॉलेजातून त्या १९१८ साली तत्त्वज्ञान हा विषय घेऊन पदवीधर झाल्या आणि पुढे पत्रकारिता व समाजशास्त्र शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. तेथेच त्यांचा सरोजिनी नायडूंशी परिचय झाला.

येथे आपल्या मराठी वाचकांना एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या आपल्या महाराणी चिमणाबाई, म्हणजे देवासच्या घाटगे घराण्यातून बडोद्याच्या राजवाड्यात आलेल्या आणि पुढे पडदा बाजूला सारून जाहीर सभांत बोलणाऱ्या दुसऱ्या चिमणाबाई. त्याच परिषदेचे अध्यक्षपद १९४५-४६ साली सिंधमधील हैदराबादच्या अधिवेशनात हंसाबेनांकडे आले आणि स्त्रियांच्या हक्कांची सनद त्या सुमारास तयार झाली. एक बडोद्याची महाराणी, दुसरी बडोद्याच्या दिवाणांची कन्या. एकीची मातृभाषा मराठी, दुसरीची गुजराती. चिमणाबाईंच्या नावाचे स्त्री उद्योगालय या शहरात आहे आणि त्यांचे नाव आपल्या घरांत अजून आदराने घेतले जाते. हंसाबेनांना मात्र आपण मराठी माणसे ‘त्यांच्यातल्या’ समजून थोडे दूर ठेवतो, असे मला अनेकदा वाटते. त्यांनी उभे केलेल्या विश्वविद्यालयाचा लाभ मराठी घरांनी भरभरून घेतलेला असताना हे दूरपण बरे नव्हे.

१९२४ साली त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी विवाह केला. हंसाबेन नागर ब्राह्मण, जीवराजभाई वैश्य. आज हे वाक्य वाचून कोणाची भुवई वर जाणार नाही. पण त्या काळात वरच्या मानलेल्या जातीतील मुलीने असा विवाह करणे म्हणजे प्रतिलोम विवाह, शास्त्राविरुद्ध आणि ज्ञातीविरुद्ध. नागर ज्ञातीत त्यावरून मोठे वादळ उठले. हंसाबेन तेव्हा शिकलेल्या, परदेश पाहिलेल्या, सव्वीस वर्षांच्या होत्या. त्यांनी आपला निर्णय बदलला नाही. अमरेलीत जन्मलेले जीवराजभाईही तसे गायकवाडी प्रजाजनच, कारण अमरेली बडोदे संस्थानातच होती आणि सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग सयाजीरावांनी १८९३ साली तेथेच केला होता. १९२५ साली जीवराजभाई मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता झाले आणि मेहता दांपत्याचा संसार मुंबईस थाटला गेला.

नवऱ्याच्या नोकरीच्या गावी जाणे हे त्या काळी आणि पुष्कळ अंशी आजही बाईच्या स्वतःच्या कामाचा शेवट ठरते. हंसाबेनांचे तसे झाले नाही. मुंबईत गेल्यावर लगेच, १९२६ साली, त्या मुंबई महापालिकेच्या शाळा समितीवर निवडून आल्या आणि शहरातील प्राथमिक शाळांच्या कारभारात शिरल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी देशसेविका संघातील स्त्रियांबरोबर परदेशी कापडाच्या आणि दारूच्या दुकानांपुढे निदर्शने केली, अटक करून घेतली आणि पुढेही एकाहून अधिक वेळा त्या तुरुंगात गेल्या. १९३७ साली निवडणुकीची वेळ आली तेव्हा स्त्रियांसाठी राखून ठेवलेली जागा त्यांनी नाकारली आणि सर्वसाधारण जागेवरून उभे राहून त्या मुंबईच्या विधानपरिषदेत पोहोचल्या. पुढे शिक्षण खात्याच्या संसदीय सचिव म्हणून त्यांनी काम पाहिले. राखीव जागांविषयीचे त्यांचे मत सर्वांना पटेलच असे नाही. मला स्वतःला आजच्या पंचायतींतील राखीव जागांमुळे निवडून आलेल्या बायकांचे काम पाहिल्यावर ते पूर्णपणे पटत नाही. परंतु १९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत त्यांनी जे सांगितले, की आम्ही स्त्रियांनी कधी खास सवलती मागितल्या नाहीत, आम्ही सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय मागितला, त्यामागे वीस वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव होता, हे विसरून चालणार नाही.

घटना समितीत मूलभूत हक्कांच्या उपसमितीवर त्या होत्या आणि राजकुमारी अमृत कौर यांच्याबरोबर त्यांनी समान नागरी कायद्याचा आग्रह धरला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगात त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या आणि १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात पुरुषवाचक शब्द काढून सर्व मानवांचा उल्लेख यावा, हे त्यांच्या आग्रहामुळे झाले. याविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते, त्यामुळे मी येथे थांबते. मला बोलायचे आहे ते त्याच्या पुढच्या वर्षाविषयी.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिलला, महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची स्थापना झाली. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. एक राज्य संपत होते, नोकरदारांच्या मनात आपल्या नोकऱ्यांचे काय होणार ही धास्ती होती, दरबारी मानमरातब मावळत होते आणि त्याच घडीला सयाजीरावांच्या मनात कितीतरी वर्षे असलेले विश्वविद्यालय कायद्याने अस्तित्वात येत होते. त्याची पहिली कुलगुरू म्हणून हंसाबेन आल्या. मुले-मुली एकत्र शिकत असलेल्या विश्वविद्यालयाच्या देशातील पहिल्या स्त्री-कुलगुरू म्हणून त्यांचा उल्लेख होतो. तेव्हा त्यांचे वय बावन्नाच्या घरात होते. या वयात आपल्याकडे बाई ‘आता मुलाबाळांचे पाहावे, देवधर्म करावा’ असे म्हणते किंवा तिच्याकडून तसे म्हणवून घेतले जाते. जीवराजभाई त्या वर्षांत मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात होते आणि हंसाबेन बडोद्यात. पतीचे काम एका शहरात आणि पत्नीचे दुसऱ्या शहरात, असा संसार १९५० च्या सुमारास या दोघांनी कोणताही गाजावाजा न करता केला. म्हणूनच त्यांची ओळख ‘मुख्यमंत्र्यांच्या पत्नी’ अशी करून दिलेली मला खटकते. जीवराजभाई मुख्यमंत्री झाले १९६० साली. हंसाबेन त्याच्या दोन वर्षे आधी, १९५८ मध्ये, आपली कुलगुरूपदाची कारकीर्द पूर्ण करून मोकळ्या झाल्या होत्या.

नव्या विश्वविद्यालयाला काही गोष्टी तयार मिळाल्या. १८८१ पासूनचे बडोदे कॉलेज होते, १८९० चे कलाभवन होते, संगीत विद्यालय होते, प्राच्यविद्या मंदिर होते. हे सारे एका छत्राखाली आणायचे म्हणजे जुन्या संस्थांचे मानापमान, वेगवेगळे पगार, वेगवेगळे नियम यांची सांगड घालायची. त्या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही, पण कारभार म्हणतात तो याला. आणि जे तयार नव्हते, तेही त्यांच्या काळात नव्याने उभे राहिले. गृहविज्ञान, समाजकार्य आणि ललित कला या तीन शाखा त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच निघाल्या. त्या वेळी आपल्या देशात या तिन्ही विषयांना विश्वविद्यालयात मानाचे पान नव्हते. चित्रकला शिकायची तर कला विद्यालयात जाऊन पदविका घ्यावी, समाजसेवा ही मोकळ्या वेळात करावी आणि घर चालवणे तर आईकडून शिकावे, अशीच समजूत होती.

ललित कला शाखेविषयी आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळा असावा, कारण १९५० साली पुष्पबागेत सुरू झालेल्या त्या शाखेत चित्रकला विभागाची धुरा ज्यांच्याकडे आली ते नारायण श्रीधर बेंद्रे मूळचे इंदूरचे. होळकरांच्या इंदुरात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेला हा मराठी चित्रकार गायकवाडांच्या बडोद्यात आला आणि त्याच्या भोवती विद्यार्थ्यांची एक पिढी तयार झाली. मार्कंड भट्ट, शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन् ही मंडळीही तेथे आली. विश्वविद्यालयाची पदवी देणारी ललित कलेची शाखा काढायची, तिथे देशाच्या निरनिराळ्या भागांतील हाडाचे कलावंत शिक्षक म्हणून आणायचे आणि त्यांना काम करायला मोकळीक द्यायची, हा निर्णय कुलगुरूंच्या पाठिंब्यावाचून झाला नसता.

गृहविज्ञान शाखेविषयी मात्र मला अधिक लिहायचे आहे, कारण माझी आई १९५० च्या दशकात तेथे शिकली. माझे आजोबा संस्थानच्या नोकरीत कारकून होते, दांडिया बाजारातल्या वाड्यात दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते आणि पाठोपाठच्या तीन मुली होत्या. मुंबईस किंवा पुण्यास वसतिगृहात ठेवून मुलीला शिकवणे त्यांच्या आवाक्यात नव्हते आणि त्यांच्या मनातही आले नसते. आई सायकलवरून प्रतापगंजला जाऊन संध्याकाळी घरी परत येऊ शकत होती, एवढ्या एका गोष्टीमुळे ती पदवीधर झाली. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. मराठी शाळेतून आलेल्या आईला ते जड गेले, पण गुजराती शाळेतून आलेल्या तिच्या मैत्रिणींनाही तेवढेच जड गेले आणि त्यामुळे कोणी कोणापेक्षा परकी ठरली नाही, असे ती सांगत असे.

तिचे आहारशास्त्राचे जर्नल माझ्यापाशी आहे. खाकी कागदाचे वेष्टन, निळ्याकाळ्या शाईतले बारीक अक्षर, आणि प्रत्येक पानावर रेघा मारून केलेले रकाने. एका पानावर ‘मध्यम उत्पन्नाच्या मराठी कुटुंबाचा एक दिवसाचा आहार’ मांडला आहे : सकाळी चहा आणि पोळी, दुपारी ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, तुरीच्या डाळीचे वरण, शेंगदाण्याची चटणी, रात्री पुन्हा वरणभात. प्रत्येक पदार्थापुढे औंसांत वजन, त्यापुढे उष्मांक, प्रथिने, लोह आणि चुना (म्हणजे कॅल्शियम). पानाच्या खाली बेरीज करून आईने लिहिले आहे की कुटुंबातील गरोदर स्त्रीला लोह कमी पडते, कारण ती सर्वांच्या शेवटी जेवते आणि भाजी तिच्या वाट्याला येईपर्यंत संपलेली असते. त्या ओळीखाली शिक्षिकेने लाल शाईत रेघ मारून ‘हे घरी सांगितले का?’ असा शेरा मारला आहे. आईने घरी सांगितले की नाही, ते तिने मला कधी सांगितले नाही. परंतु आमच्या घरात बायकांनी मागाहून जेवण्याची पद्धत तिच्या लग्नानंतर टिकली नाही, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

पुढे आई मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. सासू-सासरे, दीर, आम्ही भावंडे असे भरलेले घर सांभाळून तिने नोकरी केली, आणि १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर सुट्टीच्या दिवशी बडोद्याच्या आसपासच्या खेड्यांत जाऊन अंगणवाडीच्या बायकांना मुलांचे वजन कसे घ्यावे, तक्त्यावर ठिपका कोठे मांडावा, डाळ-तांदळाच्या खिचडीत हिरवी भाजी का घालावी, हे तिने शिकवले. तिला कोणी समाजसेविका म्हटले नाही आणि तीही स्वतःला तसे म्हणत नसे. असे आयुष्य जगलेल्या तिच्या बरोबरीच्या दहा-बारा जणी तरी मी जवळून पाहिल्या आहेत. कोणी दवाखान्यात आहारतज्ज्ञ, कोणी बालवाडीच्या संचालिका, कोणी समाजकार्याची पदवी घेऊन कामगार वस्तीत काम करणारी. गृहविज्ञान शाखेच्याच चेतन बालवाडीत प्रात्यक्षिके करताना लहान मुलांना न मारता, न रागावता कसे सांभाळावे हे त्या शिकल्या आणि तोच धडा त्यांनी आपल्या सासरच्या घरांत नेला. हंसाबेनांच्या कामाचे माप घ्यायचे तर ते या बायकांच्या आयुष्यांत घ्यावे लागेल, असे माझे प्रामाणिक मत आहे.

गृहविज्ञानावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मला ठाऊक आहे. विश्वविद्यालयात येऊनही मुलींना पुन्हा स्वयंपाक आणि शिवणच शिकवायचे, मग त्यांना घराबाहेर काढण्याचा उपयोग काय? हा आक्षेप घेणाऱ्यांत माझ्या काही जुन्या विद्यार्थिनीही आहेत आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. पुष्कळ घरांनी या शाखेकडे लग्नाच्या बाजारातील चांगली पदवी म्हणूनच पाहिले. पण हंसाबेनांची स्वतःची भूमिका ती नव्हती, याला लेखी पुरावा आहे. मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत फरक असावा की नसावा याचा विचार करण्यासाठी राष्ट्रीय स्त्री-शिक्षण परिषदेने साठच्या दशकाच्या आरंभी त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. शिक्षणक्षेत्रात ती हंसा मेहता समिती म्हणूनच ओळखली जाते. प्राथमिक स्तरावर मुलगा आणि मुलगी असा भेद करून निराळे अभ्यासक्रम असू नयेत आणि गृहविज्ञान मुलांनाही शिकवावे, अशी शिफारस या समितीने केली. ज्या बाईंनी गृहविज्ञानाची शाखा काढली, त्यांनीच तो विषय केवळ मुलींचा नाही असे साऱ्या देशाला सांगितले. साठ वर्षे होऊन गेली, तरी आपल्या किती शाळांत मुलगे भाकरी थापायला किंवा तान्ह्या मुलाला अंघोळ घालायला शिकतात? ती शिफारस अमलात आली असती तर वर सांगितलेल्या आक्षेपाला जागाच उरली नसती.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. दिवाणांची मुलगी, घरात गडीमाणसे, विलायतेचे शिक्षण. अशा बाईचे कौतुक आम्ही चाळीत राहणाऱ्यांनी का करावे, असे एका वाचक भगिनींनी मला तोंडावर विचारले. हंसाबेनांना मिळालेली सुबत्ता मी नाकारत नाही. त्यांना चूल फुंकून, पाणी भरून मग कचेरी गाठावी लागली नसणार. पण तीच सुबत्ता त्या काळात शेकडो घरांतील मुलींना मिळाली होती आणि त्यांपैकी बहुतेकींनी ती दागिन्यांत आणि दिवाणखान्यांत घालवली. हंसाबेनांनी ज्ञातीचा रोष पत्करला, तुरुंग पत्करला आणि उतारवयात खुर्चीवरचे किचकट काम पत्करले. कारकुनाची मुलगी सायकलवरून जाऊन पदवी घेऊ शकेल असे विश्वविद्यालय त्यामुळे चालले. आमच्या घरापुरते बोलायचे तर हे ऋण फार मोठे आहे.

त्यांच्या लेखनाविषयी थोडेच लिहिते. लहान मुलांसाठी त्यांनी गुजरातीत कथा लिहिल्या, इंग्रजी व फ्रेंच नाटके गुजरातीत आणली, वाल्मीकी रामायणातील काही कांडांचे भाषांतर केले. इतका कारभार सांभाळणारी व्यक्ती मुलांसाठी गोष्टी लिहिते, हे मला शिक्षिका म्हणून फार मोलाचे वाटते. १९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ४ एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज विश्वविद्यालयाचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले सकाळी डबा घेऊन तेथे जाऊन बसतात आणि घरी फोन करून ‘हंसा मेहतात आहे’ असे सांगतात. आमच्या शेजारच्या एका हुशार मुलीला मी हंसाबेन कोण होत्या असे विचारले, तेव्हा तिने ‘ग्रंथालयाला देणगी दिलेल्या कोणी असतील’ असे उत्तर दिले. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला सांगायचे काम आमच्या पिढीचे होते आणि आम्ही फक्त हार घालत राहिलो.

यासाठी आपल्याकडे माझी एक विनंती आहे. १९४९ ते १९५८ या काळात महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात शिकलेल्या मराठी घरांतील स्त्रिया आज नव्वदीच्या आसपास आहेत. काही बडोद्यातच आहेत, काही मुलांकडे पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेल्या आहेत आणि काही दरवर्षी आपल्यातून जात आहेत. आपल्या दैनिकाने रविवारच्या पुरवणीत सहा महिने तरी एक सदर त्यांच्यासाठी राखून ठेवावे. त्यांना गुणगौरवपर लेख लिहायला सांगू नये. घरून परवानगी कशी मिळाली, फी किती होती आणि ती कोणी भरली, वर्गात किती मुली होत्या, इंग्रजीचे कसे जमले, हंसाबेनांना त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिले आणि तेव्हा त्या काय बोलल्या, पदवीनंतर नोकरी केली का आणि केली नसेल तर का केली नाही, असे साधे प्रश्न विचारावेत. ज्यांना लिहिणे आता जमत नाही त्यांच्या नातवंडांनी मोबाइलवर बोलणे ध्वनिमुद्रित करून पाठवले तरी चालेल. माझ्या ओळखीच्या दोन निवृत्त शिक्षिका आणि मी ते ऐकून लिहून काढायला तयार आहोत. या कामी बडोद्याच्या मराठी वाङ्मय परिषदेने आणि विश्वविद्यालयाच्या मराठी विभागाने हात दिला तर पुढे त्याचे पुस्तकही होऊ शकेल, आणि मराठीत हंसाबेनांचे एक चांगले, कामाचा तपशील देणारे चरित्र लिहू इच्छिणाऱ्याला आधारासाठी साहित्य मिळेल. जुनी जर्नले, प्रवेशाच्या पावत्या, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे कोणाकडे असतील तर ती रद्दीत जाऊ देऊ नयेत, एवढे आवाहन आपण हे पत्र छापताना चौकटीत स्वतंत्र द्यावे.

आईच्या जर्नलाच्या पानांची छायाचित्रे या पत्रासोबत पाठवत आहे. आपल्याला योग्य वाटल्यास आहाराच्या तक्त्याचे पान छापावे. मूळ वही योग्य संग्रहाकडे देण्याची माझी तयारी आहे. तशी व्यवस्था कोणाकडे असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे